एकतिसाव्या मैलाचा पंप

तुमकूर बेंगळूरपासून त्रेचाळीस मैलांवर आहे. जयसिंगरावांची मोटार त्यातले एकतीस मैल जात असे. ही गोष्ट उरलेल्या बारा मैलांची आहे.

एरवी त्या मोटारीला नावं ठेवायला जागा नव्हती. गवीपुरातल्या घरातून निघून, लालबागेला वळसा घालून ती सुखरूप परत येई, आणि वाटेत कुणी ओळखीचं दिसलं तर जयसिंगराव मुद्दाम वेग कमी करत. विधानसौधात ते हेडक्लार्क होते. उशिरा आलेल्या प्रत्येक कागदावर लाल शाईनं ‘विलंबाचे कारण द्यावे’ असा शेरा मारण्याबद्दल त्यांची तीन मजल्यांवर ख्याती होती. शेरा इंग्रजीत असे. लागायचा मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत.

मोटार त्यांच्या वडिलांची, म्हणजे आबांची. काळी, विलायती, १९३६ची. त्याच वर्षी अंबुबाईचं, म्हणजे जयसिंगरावांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न झालं, आणि आबांनी लेकीला याच गाडीतून तुमकूरला सासरी सोडलं. सोडताना ती फार रडायला लागली, तेव्हा व्याह्यांच्या देखत आबा बोलून गेले, की दर भाऊबीजेला याच गाडीतून तुला न्यायला येईन. व्याह्यांच्या देखत बोललेलं मागे घेता येत नाही. आबांनी ते एकोणीस वर्षं निभावलं. लढाईत पेट्रोल रेशनवर होतं तेव्हा वर्षभर डबा-डबा साठवून निभावलं.

आबा पंचावन्न साली गेले आणि मोटार मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. तिच्या मागच्या सीटवर शेजाऱ्यांच्या कोंबडीनं दोन वर्षं बिनभाड्यानं संसार केला. मग सत्तावन्न साली अक्काचं पत्र आलं.

‘बसनं मी येते आणि येईनही,’ तिनं लिहिलं होतं. ‘आबांच्या दिवसांना आले, वर्षश्राद्धाला आले. पण बसनं आले की परतीच्या गाडीची वेळ विचारतच घरात पाऊल टाकते. आबांच्या गाडीतून यायची तेव्हा वेळ विचारावी लागत नव्हती. असो. गाडी बरी आहे ना?’

जयसिंगरावांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि उलट टपाली कळवलं की या भाऊबीजेला सकाळी दहा वाजता मी गाडी घेऊन तुझ्या दारात उभा आहे.

पत्र पेटीत टाकून आल्यावर त्यांनी गाडी चालू करून पाहिली. तेव्हा कळलं की पंप मेला आहे.

बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, पेट्रोलचा एक विजेचा पंप होता. किल्ली फिरवली की तो टक्-टक्-टक् असा घाईनं बोलू लागे, पेट्रोल भरत आलं की सावकाश होई, आणि पोट भरलं की गप्प. आबा होते तोवर त्या आवाजाशिवाय घरातली एकही दिवाळी झाली नव्हती. आता किल्ली फिरवली तर फक्त किल्ली फिरल्याचा आवाज आला.

कलासीपाळ्याच्या बाजूला देवाप्पाची शेड होती. देवाप्पा निपाणीकडचा. मोटारीच्या दुखण्याबद्दल तो अशा आवाजात बोलायचा, की ऐकणाऱ्यानं आधी पायातल्या चपला काढाव्यात.

“दोन वर्सं बसून हाय न्हवं,” तो म्हणाला. “आतलं सगळं आंबलंय. बदला साहेब.”

“बदली मिळेल?”

“लष्कराच्या लिलावातला हाय एक. नव्यावानी हाय बघा.”

लष्करी पंप बसला. टक्-टक्-टक् आवाज आला. जुना पंप आबांचा म्हणून टाकवेना. वसुमतीनं, म्हणजे जयसिंगरावांच्या पत्नीनं, तो धुऊन-पुसून देवघराच्या कोनाड्यात, पणजोबांच्या तलवारीशेजारी ठेवला. दोघांचंही काम आता सारखंच होतं.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची ही घराण्याची रीत. त्यात म्हैसूर राज्यातला दसरा. त्या दिवशी बेंगळुरात यंत्र म्हणून जे काही असेल त्याला हळदकुंकू लागतं, शिवणयंत्रापासून सायकलच्या पंपापर्यंत. मोटारीची पूजा मांडली असताना शेजारचे शेषगिरीराव कुंपणापाशी आले. ते सर्व्हे खात्यातून निवृत्त झाले होते, पण मोजमाप काढायची सवय निवृत्त झाली नव्हती.

“जयसिंगराव, स्वल्प ऐका,” ते म्हणाले. “चाकांची पूजा सगळेच करतात. तुमची चाकं जुनी आहेत, घरातली आहेत. नवं माणूस कोण आलंय? पंप. त्याची पूजा नको?”

“त्यालाही कुंकू लावलंय की.”

“झाकणावर. मला सांगा, तुम्ही टोपीला गंध लावता का?”

हा युक्तिवाद विधानसौधात असता तर जयसिंगरावांनी खुलासा मागवला असता. इथं त्यांनी स्क्रू काढला, पंपाच्या डोक्यावरचं काळं झाकण उतरवलं, आणि आतल्या नाजूक पत्र्यांना हळद, कुंकू, चिमूटभर भस्म आणि चार अक्षता वाहून, मनोभावे नमस्कार करून, झाकण परत लावलं.

तेवीस दिवस पंप सुरेख चालला. भाऊबीजेला पहाटेच गाडी निघाली. मागची सीट अक्कासाठी झाडून, वर आबांची शाल अंथरलेली. यशवंतपूर मागे पडलं, पीण्याची शेतं गेली, नेलमंगला आलं. नेलमंगलानंतर रस्ता जरा उखडलेला. गाडी धाडधाड करत निघाली, समोर शिवगंगेचा डोंगर दिसू लागला, आणि एकतिसाव्या मैलाच्या दगडापाशी इंजिननं दोन उचक्या दिल्या आणि ते थांबलं.

किल्ली फिरवली. काही नाही. बॉनेट उघडून जयसिंगरावांनी पंपाकडे बराच वेळ पाहिलं. कचेरीत माणसं अशा नजरेनं हलत असत.

तासाभरानं तुमकूरला जाणारी बस आली आणि दगडापाशी थांबली. कंडक्टर दारातून बाहेर झुकला. त्याचं नाव गुंडोराव, हे पुढे ओळख वाढल्यावर कळलं.

“येन सार, काय झालं?”

“पंप,” जयसिंगराव म्हणाले. बसमधली चाळीस माणसं खिडक्यांतून धोतर नेसलेल्या, कोट घातलेल्या, ग्रीसनं हात भरलेल्या एका गृहस्थाकडे सहानुभूतीनं पाहत होती. सहानुभूती ही चाळीस जणांकडून एकदम घ्यायची वस्तू नव्हे. त्यांनी खिशातल्या कागदावर ‘पंप. — जया’ एवढंच लिहिलं आणि अक्काचा पत्ता सांगून चिठ्ठी कंडक्टरच्या हाती दिली.

अक्का सकाळी सातपासून नवं लुगडं नेसून दारासमोरच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, ट्रंकेशेजारी बसली होती. चिठ्ठी वाचून तिनं ट्रंक आत नेली. एवढंच, पुढे तिच्या यजमानांच्या पत्रातून कळलं.

मोटार डाबसपेटेपर्यंत बैलजोडीनं आणि तिथून कांद्याच्या लॉरीला दोर बांधून घरी आली. जयसिंगराव स्टिअरिंग धरून तीस मैल कांद्याच्या पोत्यांकडे पाहत होते.

“पंप दाखवा,” देवाप्पा म्हणाला. “काय झालंय बघूया की.”

पण पंप दाखवता येण्यासारखा नव्हता. पूजा झालेली वस्तू भंगारात जाऊ नये म्हणून वसुमतीनं तो हळदीचं फडकं गुंडाळून केंपांबुधी तळ्यात विसर्जित केला होता.

“वैनी,” देवाप्पा कपाळाला हात लावून म्हणाला, “मेलेल्याचं तोंड बघू दिलं न्हाई, आन् कशानं मेला म्हणून विचारतासा.”

दुसऱ्या वर्षी राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत, विलायती नमुना पाहून कुणीतरी हातानं बनवलेला स्वदेशी पंप आणला. जयसिंगरावांचा यंत्रावरचा विश्वास उडत चालला होता, आणि विश्वास जितका उडाला तितकी पूजा वाढली. या खंडेनवमीला झाकण उघडून नंजनगूडचं भस्म वाहिलं. शेषगिरीरावांनी जातीनं उभं राहून त्याचं प्रमाण सांगितलं.

पंप तेवीस दिवस चालला. भाऊबीजेला एकतिसाव्या मैलाला थांबला.

“येन सार,” गुंडोराव झुकून म्हणाला, “पंपा?”

जयसिंगरावांनी चिठ्ठी दिली. आता पत्ता सांगावा लागला नाही. स्वदेशी पंप परदेशी पंपाशेजारी केंपांबुधीत गेला.

“मी बसनं जाऊन अक्कांना घेऊन येऊ का?” त्या रात्री जेवताना वसुमती म्हणाली.

“ती येईल,” जयसिंगराव म्हणाले. “पण मी गाडी आणतो म्हणालोय.”

“मग म्हणायचंच कशाला?”

हा प्रश्न त्यांना आमटीत मीठ कमी असल्यासारखा वाटला. त्यांनी मीठ मागून घेतलं.

तिसऱ्या वर्षी, एकोणसाठ साली, चैत्रातच अक्काचं पत्र आलं. यजमान निवृत्त होत होते. मुलगा भिलईच्या कारखान्यात लागला होता, त्याला क्वार्टर मिळालं होतं. दिवाळी झाली की तुमकूरचं बिऱ्हाड मोडून सगळे तिकडे जाणार. ‘तिथून येणं म्हणजे तीन दिवस आगगाडी,’ तिनं लिहिलं होतं. ‘तेव्हा यंदा आलास तर बरं होईल. नाही आलास तरी मी समजेन. पंप हा शब्द मला आता पाठ आहे.’

शेवटच्या वाक्यावर जयसिंगराव अडले. ते पत्र त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि ठरवलं, की आता अस्सल विलायती, कोरा, सीलबंद पंप.

परकीय चलनाची टंचाई होती. बाहेरून टाचणी आणायची तरी परवाना लागे. अर्जाबरोबर गाडी बनवणारी कंपनी आता बंद आहे असं कंपनीच्या सहीचं पत्र जोडायचं होतं. त्यावर कुणी सही करावी, याबद्दल नियम काही बोलत नव्हते. शिवाय अर्जाला राज्याच्या कचेरीची शिफारस हवी होती. ती मागायला फाइल फिरत फिरत एका मंगळवारी थेट जयसिंगरावांच्याच टेबलावर आली. अर्जदार: जयसिंगराव. त्यांनी फाइल उघडली. एक प्रत कमी होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक प्रत कमी असलेला कागद पुढे सोडला नव्हता. त्यांनी कलम उचललं, अर्ज परत पाठवला, आणि घरी येऊन तो मिळाल्यावर स्वतःच्या नावानं बोटं मोडली. सहाव्या दिवशी चौथी प्रत जोडून फाइल परत आली, तेव्हा त्यांनी तिच्यावर ‘विलंबाचे कारण द्यावे’ असं लिहिलं. हाताची सवय.

तरीही पंप दसऱ्याच्या चार दिवस आधी आला. देवाप्पानं तो बसवला, आणि किल्ली फिरवताच जो आवाज आला तो ऐकून वसुमती पोळ्या टाकून बाहेर आली. हुबेहूब आबांच्या वेळचा.

“ह्यो न्हाई मरत,” देवाप्पा म्हणाला. “म्या लिहून देतो.”

लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं. खंडेनवमीला झाकण उघडलं गेलं. या वेळी अक्काची शेवटची भाऊबीज होती, म्हणून हळद, कुंकू, भस्म, अक्षता, सगळंच दुप्पट.

भाऊबीजेला जयसिंगराव निघाले तेव्हा वसुमतीनं ओवाळणीचं ताट पुसून ठेवलं होतं आणि पुरणाला डाळ शिजत होती. नेलमंगलानंतर ते गाडीशी बोलू लागले. अठ्ठाविसाव्या मैलाला त्यांनी तिला आबांची आठवण दिली. तिसाव्याला कबूल केलं की मी तुझी नीट काळजी घेतली नाही. एकतिसाव्याच्या दगडापाशी गाडी थांबली.

ते उतरले नाहीत. हात स्टिअरिंगवर ठेवून शिवगंगेकडे बघत बसून राहिले. बस आली. गुंडोरावानं या वेळी काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. जयसिंगरावांनी कागद काढला, पण लिहवेना. कोराच कागद घडी करून दिला.

दोन तासांनी तीच बस तुमकूरहून परतताना दगडापाशी थांबली. गुंडोरावानं टपावरून एक ट्रंक उतरवली. मागून हातात फडक्यानं झाकलेलं ताट सांभाळत नव्या लुगड्यातली अक्का उतरली.

“सरी, बरं, मी येते,” ती कंडक्टरला म्हणाली. आणि भावाकडे वळून, “कोरा कागद काय पाठवतोस? मला वाटलं गाडीऐवजी तूच बंद पडलास.”

जयसिंगराव गाडीतून उतरून उभे राहिले. चाळीस वर्षांचे, हेडक्लार्क. “अक्का, नवा होता. विलायती. सीलबंद.”

“बघू.” तिनं ताट सीटवर ठेवलं, पदर खोचला, आणि बॉनेटचा खटका असा दाबला, की जयसिंगरावांना त्या गाडीत आपण पाहुणे आहोत असं वाटलं.

तिनं पंपाचं झाकण उघडलं आणि थोडा वेळ वाकून पाहत राहिली.

“जया, हे पांढरं काय?”

“भस्म.”

“आणि हे तांबडं?”

“कुंकू. खंडेनवमीचं. खरं तर हळदही आहे.”

“पंपाच्या आत?”

“टिकावा म्हणून,” जयसिंगराव म्हणाले.

अक्का हसली नाही, हे तिचे उपकार. “अरे, या दोन पत्र्या एकमेकींना टेकल्या की वीज जाते. त्यांच्यामध्ये तू भस्म भरलंस. गावात सपाट रस्त्यावर ते कडेला बसून राहतं. इथं खड्डे लागले की नेमकं मध्ये पडतं. आबा कुंकू कुठं लावायचे?”

“चाकांना.”

“आणि कुणी बॉनेटला हात लावला तर?”

“हातावर चापट मारायचे,” तिनंच सांगितलं. अक्कानं पदराच्या टोकानं एकेक पत्री पुसली, फुंकर घातली, एक अक्षता नखानं काढली. झाकण बसवलं. मग उजव्या पायातली चप्पल काढली आणि तिच्या टाचेनं पंपाला दोन ठोके दिले.

“किल्ली फिरव.”

टक्-टक्-टक्-टक्. मग सावकाश. मग गप्प.

“तुला कसं ठाऊक?” जयसिंगराव म्हणाले.

“आबांची चप्पल धरायला कोण उभं असायचं? दर वर्षी इथंच तर थांबायची गाडी. रस्ता तेव्हाही असाच होता. आबा उतरायचे, दोन ठोके द्यायचे, निघायची. तू मागच्या सीटवर पुस्तकात तोंड घालून असायचास. विचारायचास, आलं का बेंगळूर?”

एकोणीस वर्षं ज्या गाडीनं आबांना कधी दगा दिला नाही, ती एकोणीस वर्षं याच दगडापाशी थांबत आली होती. जयसिंगरावांनी अडतीस-एक वेळा तो दगड ओलांडला होता; कुठल्यातरी पुस्तकाच्या पानावर. त्यांनी अक्कासाठी मागचं दार उघडलं. “बैस. गाडी वळवतो. वसुमती वाट बघतेय.”

“वळवू नकोस. सरळ चल.”

“बेंगळूर मागं आहे, अक्का.”

“ठाऊक आहे. मला दारातून बसायचं आहे.”

म्हणून मोटार त्या वर्षी त्रेचाळीस मैल गेली. अक्काच्या दारात ती उभी राहिली तेव्हा समोरच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. अक्का गाडीतून उतरली, जगलीवर जाऊन बसली, आणि लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत क्षणभर बसून राहिली, सकाळी सातपासून बसल्यासारखी. मग आत वळून, “अहो, जया आलाय हं मला न्यायला,” असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू सांगून गाडीत येऊन बसली.

परतताना एकतिसाव्या मैलाला ती म्हणाली, “थांबव स्वल्प.” जयसिंगरावांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद करण्याची हिंमत केली नाही. अक्का ताटातलं कुंकू घेऊन उतरली आणि मैलाच्या दगडाला लावून आली.

“पूजा करायचीच तर ह्याची कर,” ती म्हणाली.

चार दिवस ती राहिली. एकदाही तिनं परतीची वेळ विचारली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिनं देवघरातला जुना पंप तलवारीशेजारून काढला. देवाप्पानं बॅटरीच्या तारा लावल्या, अक्कानं चप्पल काढली, दोन ठोके दिले. टक्-टक्-टक्.

देवाप्पानं पायातल्या चपला काढल्या. “अक्का,” तो म्हणाला, “भिलईला कशाला जातासा? माझ्या शेडात बसा की.”

जुना पंप गाडीत परत बसला. विलायती पंप, कोरा, परवान्यासकट, देवघराच्या कोनाड्यात गेला. अक्का भिलईला गेली.

पुढच्या खंडेनवमीला कुंकू फक्त चाकांना लागलं. शेषगिरीरावांनी कुंपणाकडे पाठ करून निषेध नोंदवला.

भाऊबीजेला कुठं जायचं नव्हतं. भिलईहून अक्काचं पाकीट आधीच आलं होतं, आत कुंकवाची पुडी. तरी सकाळी जयसिंगरावांनी कोट घातला.

“कुठं?” वसुमतीनं विचारलं.

“गाडी जरा फिरवून आणतो.”

तिनं शाल आणून दिली. त्यांनी ती मागच्या सीटवर अंथरली.

यशवंतपूर, पीण्या, नेलमंगला. खड्डे आले. जुना पंप खड्ड्यांना जुमानेना. एकोणतीस, तीस. जयसिंगराव कान देऊन होते. एकतिसावा दगड आला आणि गाडीनं उचकीसुद्धा दिली नाही. दगड मागे जाऊ लागला तेव्हा त्यांनीच ब्रेक दाबला आणि किल्ली काढून घेतली.

दगडावरचं कुंकू पावसानं गेलं होतं. एका कोपऱ्यात नुसता डाग राहिला होता. ते बॉनेट उघडून उभे राहिले. उगाच. नुसतंच उभं राहिलेलं बरं दिसत नाही.

बस आली, थांबली. गुंडोराव बाहेर झुकला. “येन सार, पंपा?”

“होय,” जयसिंगराव म्हणाले.

गुंडोरावानं सवयीनं चिठ्ठीसाठी हात पुढे केला. जयसिंगरावांचा हातही खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. “यंदा नको,” ते म्हणाले.

बस गेली. तिची धूळ शिवगंगेकडे सरकत विरली. जयसिंगराव मागचं दार उघडून शालीशेजारी बसले, जिथं ते पूर्वी पुस्तक घेऊन बसत, आणि तुमकूरहून येणारी बस येईपर्यंत तिथंच बसून राहिले. ती आली, न थांबता गेली.

दुपारी घरी पोचले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. ताटं वाढताना वसुमतीनं एवढा उशीर का झाला म्हणून विचारलं. त्यांनी विलंबाचं कारण दिलं.

“पंप,” ते म्हणाले.